बडोद्यातला अकोटा पूल, रविवारची सायकल रॅली आणि आईची सकाळ

दांडियाबाजारकर (रविवार, रात्री ९:१२)

आज सकाळी सव्वासातपासून नऊ चाळीसपर्यंत माझी आई ओल्या चादरीवर पडून होती. मी शेजारीच उभा होतो.

तिचं वय ८३. मार्चमध्ये खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उठून चालणं काही जमलं नाही. घरात आम्ही दोघंच. रात्रीच्या बेन (आईला सांभाळणाऱ्या बाई) सातला निघतात, कारण आठला त्यांना कारेलीबागेत दुसरं काम असतं. दिवसाच्या मावशी तांदळज्याहून शटल रिक्षाने येतात, अकोटा पुलावरून. रोज सातला दहा कमी असताना त्यांची पावलं जिन्यात ऐकू येतात. त्या दहा मिनिटांत दोघी मिळून आईचं सगळं आवरतात. तिला वळवायला दोन माणसं लागतात, एकट्याने करायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे.

आज सायकल रॅलीसाठी विश्वामित्री नदीवरचा अकोटा-दांडिया बाजार पूल पहाटे साडेपाच ते दहा बंद होता. मावशींची रिक्षा अकोट्याच्या टोकाला अडवली. त्यांनी चालत जाऊ द्या म्हणून विनवलं, तर सायकली वेगात येतायत, मध्ये येऊ नका असं सांगितलं गेलं. दुसरी रिक्षा स्टेशनकडे यायला तयार होईना, कारण अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) गाड्यांची रांग लागली होती. पूल बंद म्हणून सगळं गाव काळ्या घोड्याच्या चौकाकडे वळलं होतं. शेवटी मावशी अकोट्यापासून स्टेशन, काळा घोडा, रावपुरा असं करत चालत आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे दुखतात. नऊ चाळीसला दारात उभ्या राहिल्या आणि आधी माझीच माफी मागू लागल्या.

रात्रीच्या बेन सव्वासातपर्यंत थांबल्या. पुढे थांबल्या असत्या तर त्यांचं काम गेलं असतं. शेजारच्या वहिनी गावाला गेलेल्या. मी आईला म्हटलं, मी करतो. ती म्हणाली, "तू बाहेर जा." अडीच तासांत पाच-सहा वेळा तेवढंच म्हणाली.

सायकलीबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच: नदीवरचा पूल साडेचार तास बंद करताना पलीकडून कोण कोण येतं याचा विचार कुणी करतं का? आणि तुमच्यापैकी किती जणांना हे आधी कळलं होतं?

बाबाजीपुरा (रविवार, रात्री ९:५०)

मला नव्हतं कळलं. सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा दोऱ्या दिसल्या. आईंना आता बरं आहे ना?

दांडियाबाजारकर (रविवार, रात्री १०:०५)

हो, आता झोपलीय. पाठीवर लाली आलीय थोडी, उद्या सिस्टर बघून जातील.

वासणारोड (रविवार, रात्री १०:३१)

तुमच्या आईंबद्दल खरंच वाईट वाटलं. तरीही एक बाजू मांडतो. गणपतीत पाच-सहा दिवस रस्ते बंद असतात. नवरात्रात रात्री दोनला सोसायटीत गाडी नेता येत नाही. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा (मिरवणूक) निघतो, देवदिवाळीला नरसिंहजींचा, तेव्हा जुन्या शहरात मांडवीकडे फिरकायचं नाही हे आपण लहानपणापासून धरून चाललोय. तेव्हा कुणी धागा काढत नाही. सायकलवाले वर्षातून एक-दोन रविवार मागतात, तेही सकाळचे. शहर फक्त गाड्यांसाठी आहे का?

बाबाजीपुरा (रविवार, रात्री ११:१५)

वासणारोड, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. आमचं घर वरघोड्याच्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला कळा सुरू झाल्या त्या वरघोड्याच्या दिवशी. वडिलांनी तिला खुर्चीत बसवून मिरवणुकीच्या मधून पलीकडे नेलं. भजनी मंडळी थांबली, दोन्हीकडच्या लोकांनी हात धरून वाट केली, पालखी चार पावलं मागे राहिली. मिरवणूक माणसाच्या चालीने चालते, म्हणून तिला माणूस ओलांडू शकतो. ताशी तीस-पस्तीसने येणाऱ्या शंभर सायकलींमधून खुर्ची कशी नेणार? मावशींना अडवणारा होमगार्डही चुकला नाही. त्याने मावशींना सोडलं असतं आणि टक्कर झाली असती तर दोघंही दवाखान्यात.

आणि दुसरं. वरघोड्याची तिथी पंचांगात असते. कामवाल्या बाईलाही ठाऊक असते.

चाकावरची (सोमवार, सकाळी ६:४०)

काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. मी त्या रॅलीत होते. साडेसातच्या सुमारास मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी त्याच पुलावर, सोलर पॅनेलच्या सावलीत, फोटो काढायला थांबलो होतो. आठ-दहा मिनिटं. आमच्यासारखे आणखी वीसेक जण होते. पुलाच्या त्या टोकाला एक बाई विनवण्या करतेय याची आम्हाला कल्पनाही नव्हती. तुमच्या आईंची आणि मावशींची मी मनापासून क्षमा मागते.

बंद रस्ता आम्हाला का हवा असतो तेही सांगते. मी रोज पहाटे वासणा रोडने पाद्र्याकडे जाते. डंपर कोपराला हवा लावून जातात. मुलीला मी रस्त्यावर सायकल चालवू देत नाही, ती फक्त सोसायटीच्या आत गोल फिरते. काल पहिल्यांदा तिने शहराच्या रस्त्यावर हात सोडून सायकल चालवली. माझ्या सासऱ्यांची पिढी सांगते की युनिव्हर्सिटीच्या एकेका फॅकल्टीत सायकल लावायला जागा नसायची. या शहराला सायकल नवीन नाही. ती रस्त्यावरून नाहीशी झाली कारण आपण तिला जागा ठेवली नाही. तो एक रविवार माझ्या मुलीकडून काढून घेऊ नका एवढीच विनंती.

पण पूल साडेचार तास बंद ठेवायचं काही कारण नव्हतं, हे मी सायकलवाली म्हणून सांगते. २५ किलोमीटरची फेरी होती, सुरुवात साडेसहाला. पूल जाताना सहाव्या किलोमीटरला आणि येताना एकोणिसाव्या. सगळ्यात पुढचे ३५च्या वेगाने गेले, म्हणजे पुलावर ६:४०ला. सगळ्यात मागची मुलं १२ने, म्हणजे सातला. परतताना पुढचे ७:०३ला, शेवटचे ८:०५च्या आसपास. आमच्यासारख्या फोटोवाल्यांना दहा मिनिटं धरा. म्हणजे सव्वासहा ते सव्वाआठ, फार तर दोन तास. पहाटे साडेपाचला कोण होतं पुलावर? आणि सव्वाआठ ते दहा कोणासाठी बंद होता?

जाहेरनामुं (सोमवार, सकाळी ११:२०)

मी ट्रॅफिकमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. कालच्या बंदोबस्ताबद्दल बोलणार नाही, मी तिथे नव्हतो. पण हे कसं चालतं ते सांगतो.

आयोजक अर्ज देतात, त्यात रूट आणि वेळ असते. पोलीस आयुक्तालयातून जाहेरनामुं (जाहीर आदेश) निघतं, गुजरात पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३३ खाली. (हा मूळचा मुंबई पोलीस अधिनियम, तेव्हा आपण एकाच राज्यात होतो. महाराष्ट्रात तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून चालतो.) दोन तासांचा कार्यक्रम असेल तर आधी एक तास आणि नंतर एक-दीड तास जास्तीचा मागून ठेवायचा अशी आयोजकांची सवय असते, कारण शेवटचा भिडू पंक्चर होऊन मागे राहिला तर पंचाईत नको. आणि बॅरिकेड एकदा लावलं की ते उचलायला टेम्पो आणि माणसं लागतात, ती सगळ्या ठिकाणी एकाच वेळी पोचत नाहीत. म्हणून रस्ता मोकळा झाला तरी बॅरिकेड तसंच उभं राहतं. सव्वाआठ ते दहा बंद राहण्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

मोटार वाहन अधिनियम १९८८चं कलम ११५ही वाचा. महिन्यापर्यंतच्या मुदतीची बंदी असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, पण परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी द्यावी असं त्यात स्पष्ट म्हटलंय. प्रसिद्धी म्हणजे आजकाल पेपरमध्ये चार ओळी आणि मोबाइलवर एक चित्र फिरवलं की झालं. तांदळज्याच्या बेनच्या मोबाइलवर ते चित्र कुठून येणार?

शेवटची गोष्ट, जी मला नोकरीत असताना फार टोचायची. प्रत्येक जाहेरनाम्याच्या शेवटी एक ओळ असते: अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, ड्यूटीवरील सरकारी वाहने यांना लागू नाही. सूट वाहनाला मिळते. माणसाला मिळत नाही. पायी जाणारी आया, इन्सुलिनची पेटी घेऊन स्कूटरवर निघालेला पोरगा, आंघोळ घालायला जाणारी बाई, यांच्या डोक्यावर निळा दिवा नसतो. पॉइंटवरच्या जवानाला सोडायचं असलं तरी त्याच्या हातात कागद नसतो.

तापमापक (सोमवार, दुपारी २:०५)

मी डॉक्टर आहे, अलकापुरीत काम करतो. वरच्या प्रतिसादाला एक आकडा जोडतो, कारण "रविवार सकाळ आहे, कोणाचं काय अडतंय" हे मी सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय.

२०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या ११ शहरांत २००२ ते २०१२ या काळात मोठ्या मॅरेथॉनच्या दिवशी हृदयविकाराचा झटका येऊन किंवा हृदय बंद पडून दाखल झालेले ज्येष्ठ रुग्ण त्यांनी पाहिले. हे धावपटू नव्हेत, घरी बसलेले आजी-आजोबा. त्याच शहरांत इतर आठवड्यांतल्या त्याच वारी दाखल झालेल्यांशी तुलना केली. ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण मॅरेथॉनच्या दिवशी २८.२ टक्के, एरवी २४.९ टक्के. सकाळच्या वेळात अॅम्ब्युलन्सला दवाखान्यात पोचायला सरासरी ४.४ मिनिटं जास्त लागली. साडेचार मिनिटंसुद्धा नाहीत. आणि तिथे रुग्णवाहिकेला वाट देण्याची व्यवस्था आपल्यापेक्षा कडक.

आपल्याकडे रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण गरनाळ्यात अडकलेल्या गाडीला वाट द्यायची म्हटलं तरी ती देणार कुठून?

बडोद्याची ठेवण वेगळी आहे हे लक्षात घ्या. शहराच्या मधून विश्वामित्री, तिच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ. सयाजी हॉस्पिटल नदीच्या पूर्वेला, खासगी मोठी हॉस्पिटलं बरीचशी रुळांच्या पश्चिमेला. इकडून तिकडे जायच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या. एक बंद केली की त्या वाटेचा सगळा भार उरलेल्यांवर पडतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात पूल बंद झाले तेव्हा आमच्या नर्सेस दोन दिवस नदीपलीकडे अडकल्या होत्या. पूर आपण थांबवू शकत नाही. रॅलीचा रूट कागदावर काढलेला असतो, तो पेन्सिलने बदलता येतो.

मोगरा (सोमवार, सायंकाळी ७:४५)

खंडेराव मार्केटमागे आमची फुलांची गादी आहे, आजोबांपासून. रविवार म्हणजे लग्नाचा, वास्तूचा, सत्यनारायणाचा दिवस. माल पहाटे येतो, हार सातपर्यंत बांधून होतात आणि पोरं स्कूटरवर घेऊन निघतात. काल गोत्रीच्या एका लग्नाच्या वरमाला आणि मंडपाची झेंडू-शेवंती पुलाच्या अलीकडे अडकली. नवरदेवाच्या मामांचे फोनवर फोन. मुहूर्त ९:१२चा. माझ्या भावाने टोपली डोक्यावर घेतली, पुलाच्या कठड्याला लागून चालत पलीकडे गेला, तिथे त्यांचा माणूस गाडी घेऊन आला. त्याला कुणी अडवलं नाही. पुरुष होता, जोरात चालत होता, टोपलीत फुलं होती म्हणून सोडलं असेल. त्याच पुलावर मावशींना अडवलं हे वाचून मला जास्त लागलं.

आमचं नुकसान किती झालं ते मोजत नाही बसणार. पण एक सांगते, आम्हाला दोन दिवस आधी कळलं असतं तर आम्ही माल रात्रीच पलीकडे नेऊन ठेवला असता. शेवंतीला ओल्या गोणपाटात रात्र काढता येते.

मांजलपूर२ (मंगळवार, सकाळी १०:१०)

माझी बहीण पुण्याला डेक्कनजवळ राहते. तिथे जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत, पाच दिवस. पहिल्या दिवशी जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्त्याच्या भागात साडेसात किलोमीटरची छोटी शर्यत होती, तीही सोमवारी. बहिणीचं म्हणणं असं की त्रास भरपूर झाला, तिला कामावरून घरी यायला दीड तास जास्त लागला, पण आठवडाभर आधीपासून गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत होतं की सोमवारी काय बंद आहे. सोसायटीच्या वॉचमनने लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता. जायचं तिथे लोक आधीच गेले, नाहीतर गेलेच नाहीत.

आणि त्या शर्यतीसाठी रस्ते नव्याने डांबरी केले. बहीण म्हणते तेवढं एक मागे राहिलं.

सातासमुद्रापार (मंगळवार, दुपारी १:३०)

मूळची शियाबागेतली, आता पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये, सरे परगण्यात. इथली गोष्ट सांगते, कारण ती कुठे जाऊन थांबली हे तुमच्या कामाचं आहे.

लंडन ऑलिंपिकनंतर २०१३ मध्ये राइडलंडन सुरू झालं. शंभर मैल, लंडनहून निघून आमच्या सरेमधून परत लंडन. हजारो सायकलस्वार. दर वर्षी उन्हाळ्यातला एक रविवार गावंच्या गावं आत कोंडली जायची. गोठेवाले, चर्चमध्ये लग्न असलेले, म्हाताऱ्या आईबापांना जेवण द्यायला जाणारे. पहिल्या वर्षी लोकांनी रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हळूहळू टाळ्या कमी झाल्या. २०२० मध्ये परगण्याच्या कौन्सिलने लोकांची मतं घेऊन ठरवलं की आता बस. २०२२ पासून राइड दुसऱ्या परगण्यात, एसेक्समध्ये गेली.

मला त्या निर्णयाचा आनंद झाला नाही. आमच्या टेकडीवर पोरं वर्षभर सराव करायची, ते सगळं थंडावलं. तुमच्या बडोद्यात असं होऊ नये असं वाटतं. लोकांचा राग साठू दिला की तो एक दिवस सगळंच बंद करतो.

वासणारोड (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

सगळे प्रतिसाद वाचले. माझा पहिला प्रतिसाद घाईत होता. बाबाजीपुरा म्हणतात तो वेगाचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता.

कोलंबियातल्या बोगोटा शहराचं उदाहरण मी नेहमी देतो, आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतोय. तिथे १९७४ पासून सिक्लोव्हिया चालते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद. एवढं असून शहर का चिडत नाही? एक तर रस्ते ठरलेले आणि वेळ ठरलेली, दर आठवड्याला तीच. आणि चौकाचौकांत माणसं उभी असतात, ती सायकलींना थांबवतात आणि आडव्या रस्त्याच्या गाड्या सोडतात. सायकलवाले थांबतात. तिथे ती शर्यत नसते, फिरणं असतं.

आपण रॅली म्हणतो पण चालवतो शर्यतीसारखी. पुढचे पन्नास जण घड्याळ लावून जातात, त्यांच्यासाठी सगळा रस्ता मोकळा हवा. मागचे नऊशे जण मुलाबाळांसोबत निवांत असतात, त्यांना दोन मिनिटं थांबवलं तर काही बिघडत नाही.

चाकावरची (मंगळवार, रात्री ९:००)

वासणारोड, अगदी हेच. पुढचे पन्नास आधी सोडा, सहाला, त्यांना पोलिसांच्या गाडीमागून सरकत्या बंदोबस्तात नेऊन आणा. गाडी पुढे गेली, शेवटची गाडी मागून आली की रस्ता खुला. बाकीच्यांना नंतर सोडा आणि प्रत्येक चौकात थांबवायचा हक्क मार्शलला द्या. माझ्या मुलीला थांबायला आवडतं, तेवढंच पाणी पिता येतं.

मला एक जागा सुचली होती. आज पहाटे जाऊन पाहिली. आपला अटल पूल. मनीषा चौकडी ते गेंडा सर्कल, साडेतीन किलोमीटर. सरळ, डांबर छान, सिग्नल एकही नाही. जाऊन येऊन सात, तीन फेऱ्या म्हणजे एकवीस किलोमीटर. आणि त्याच्या खाली जुना रस्ता आहे, २०२२च्या डिसेंबरात पूल उघडण्याआधी सगळं गाव त्यावरूनच जायचं. वर सायकली, खाली शहर.

दांडियाबाजारकर (मंगळवार, रात्री ९:३५)

चाकावरची, तुमची क्षमा मागण्याची गरज नव्हती, तरी आईला वाचून दाखवलं. ती विचारत होती मुलीचं नाव काय. मी म्हटलं इथे नावं लिहीत नाहीत.

अटल पुलाचं ऐकून मी दोनदा वाचलं. ज्या पुलाखाली रस्ता आहे तो बंद करा, ज्या पुलाखाली नदी आहे तो नको. एवढी एक अट मान्य झाली तरी माझं बाकी काही मागणं नाही.

जाहेरनामुं (बुधवार, सकाळी ८:१५)

अटल पुलाची कल्पना चांगली आहे. अडचणी आत्ताच लिहून ठेवतो म्हणजे अर्जात उत्तरं देता येतील. वर कोणी पडलं तर अॅम्ब्युलन्स वर चढणार कुठून, म्हणून एक मार्गिका दोन्ही टोकांपर्यंत रिकामी ठेवावी लागेल. पुलाला मध्ये चढ-उताराच्या वाटा आहेत, तिथे प्रत्येकी दोन माणसं हवीत, नाहीतर सवयीने स्कूटरवाला वर येणार. उतारावर मुलं ब्रेक लावत नाहीत. कठड्याशी गर्दी करून फोटो काढू द्यायचे नाहीत. आणि खालच्या रस्त्यावर त्या दिवशी हातगाड्या आणि पार्किंग हटवलं नाही तर खालचं गावही अडकेल, मग आपलंच म्हणणं खोटं पडेल.

बॅरिकेडसाठी एक साधी गोष्ट: शेवटच्या सायकलीमागून येणाऱ्या गाडीतच चार माणसं बसवा. ती प्रत्येक पॉइंटला उतरतील, बॅरिकेड बाजूला सरकवतील, पुढे जातील. टेम्पो नंतर येऊन गोळा करेल. आम्ही एका मिरवणुकीला असं केलं होतं, पंधरा मिनिटांत रस्ता चालू.

तापमापक (बुधवार, दुपारी ३:००)

अर्जात एक ओळ माझ्याकडून घाला. रूट ठरला की १०८च्या नियंत्रण कक्षाला आणि दोन्ही किनाऱ्यांवरच्या हॉस्पिटलांना नकाशा आधी जावा. आम्हाला कळलं तर डायलिसिसवाल्यांच्या वेळा पुढेमागे करता येतात, सिस्टरांना आदल्या रात्री थांबवून घेता येतं. आणि रविवारी परीक्षा असतात हे विसरू नका. नीटसारख्या परीक्षेचं फाटक वेळेला बंद होतं, तिथे कुणाचं काही ऐकत नाहीत.

मोगरा (बुधवार, रात्री ८:१०)

कागद गुजरातीत छापा. मराठी, इंग्रजी नंतर. शटल रिक्षाच्या स्टँडवर, मार्केटात, दूध केंद्रावर, दवाखान्यांच्या आयांच्या खोलीत लावा. आमच्या गादीवर शंभर ठेवा, प्रत्येक पुडीबरोबर एक देईन.

दांडियाबाजारकर (शुक्रवार, रात्री १०:२०)

थोडं पुढे सरकलंय, ते लिहितो.

काल चाकावरची आणि मी प्रत्यक्ष भेटलो, मनीषा चौकडीच्या खाली, पहाटे पावणेसहाला. जाहेरनामुं काकाही आले. त्यांनी चालत पुलाची प्रत्येक चढती वाट दाखवली आणि कुठे किती माणसं लागतील ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनीच अर्जाचा मसुदा गुजरातीत केला, कारण त्या भाषेतला अर्ज टेबलावरून लवकर हलतो हा त्यांचा अनुभव. अर्जात चार मागण्या ठेवल्या. विश्वामित्रीवरचा कोणताही पूल रॅलीच्या रूटमध्ये नसावा. अगदी घ्यावाच लागला तर एका बाजूने सायकली, दुसऱ्या बाजूने दुहेरी वाहतूक, आणि पायी माणसाला कधीही वाट. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना पॉइंटवरच्या जवानाने स्वतःच्या जबाबदारीवर सोडावं अशी ओळ जाहेरनाम्यातच असावी. आणि सात दिवस आधी गुजरातीत छापील सूचना.

आज अर्ज दिला, शिक्का मारून घेतला. आयोजकांपैकी एकाचा संध्याकाळी फोन आला. बोलायला सभ्य माणूस. त्याने मान्य केलं की पूल रूटमध्ये घेतला तो फोटो छान येतात म्हणून. अटल पुलाबद्दल म्हणाला, फेऱ्या माराव्या लागल्या तर पुढच्या गटाची हौस भागत नाही, नावनोंदणी कमी होते. मी त्याला चाकावरचीचा नंबर दिला आहे, पुढच्या गटाचं बोलणं तिने करावं. पुढच्या रॅलीची तारीख अजून त्यांच्याकडेही ठरलेली नाही.

आईच्या पाठीवरची लाली उतरतेय. मावशींना मी रॅलीच्या दिवशी आदल्या रात्री इथेच झोपायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, घरी नातवंड आहे, ते माझ्याशिवाय झोपत नाही. म्हणजे तो मार्ग बंद.

रविवारी सकाळी सहा ते नऊ अटल पुलाजवळ दर अर्ध्या तासाला किती गाड्या जातात ते मोजायचं आहे, वर आणि खाली वेगवेगळं, म्हणजे खालचा रस्ता एवढं पेलतो का ते आकड्यांनी दाखवता येईल. गेंडा सर्कलला दोघं, चकली सर्कलला दोघं, मनीषा चौकडीला दोघं लागतील. आत्तापर्यंत चाकावरची, तिची मुलगी, बाबाजीपुरा आणि वासणारोड तयार आहेत. आणखी दोघं हवेत. वही-पेन मी आणतो. मी साडेसातनंतरच येऊ शकेन, आईचं आवरून झाल्यावर.

मोगरा (शुक्रवार, रात्री १०:४१)

माझा भाऊ येईल. तो पहाटे तीनला उठलेलाच असतो.